स्थानिक व्यावसायिकांचा गट कसा उभारावा: पहिल्या निमंत्रणापासून दुसऱ्या गटापर्यंत

लहान व्यवसायाकडे येणारे चांगले काम बहुधा कुणाच्या तरी शब्दावर येते. घराचे वायरिंग बदलायचे असते, हिशेब मार्गी लावायचे असतात, नव्या जागेसाठी फलक करून घ्यायचा असतो, तेव्हा माणूस जाहिराती चाळण्याआधी ओळखीतल्या कुणाला तरी विचारतो, ‘तुमच्या माहितीत कोणी आहे का?’ त्या क्षणी त्या ओळखीच्या माणसाला आपले नाव आठवावे आणि ते नाव घेताना त्याला संकोच वाटू नये, याची सोय करण्यासाठी व्यावसायिकांचा गट असतो. गट उभारताना सभासद कोण घ्यावेत, बैठक कशी चालवावी, नोंदी कशाच्या ठेवाव्यात आणि कुणाला निरोप द्यावा या सगळ्या प्रश्नांची उत्तरे याच एका उद्देशातून निघतात, म्हणून तो आधी नीट समजून घेणे आवश्यक आहे.

उद्देश एका परिच्छेदात लिहून काढा

अनेक गट सुरुवातीलाच भरकटतात, कारण वीस सभासद म्हणजे वीस हक्काची गिऱ्हाइके असा हिशेब मनात धरून लोक एकत्र येतात. असा गट चार-सहा बैठकांत थकतो. विमा सल्लागार उरलेल्या एकोणीस जणांना पॉलिसी सांगून झाला की त्याच्यापुढे नवे कोणी उरत नाही, आणि ज्यांनी भिडेखातर पॉलिसी घेतली ते पुढच्या बैठकीला येताना कचरतात. सभासदांनी एकमेकांकडून खरेदी करू नये असे नाही, पण गटाचा खरा विस्तार प्रत्येक सभासदाच्या मागे उभ्या असलेल्या माणसांत असतो. कामाच्या निमित्ताने प्रत्येकाचा शंभर जणांशी संबंध येत असेल, तर वीस जणांच्या गटामागे दोन हजार माणसे असतात. त्यांच्यापर्यंत विश्वासाने पोहोचण्याची वाट म्हणजे हा गट.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातील निष्कर्ष या ठिकाणी फार उपयोगी पडतो. ओळखीतून नोकरी मिळालेल्या व्यावसायिक आणि व्यवस्थापकीय कर्मचाऱ्यांना त्यांनी विचारले की, ज्याच्याकडून नोकरीची माहिती मिळाली तो माणूस त्या काळात तुम्हाला कितीदा भेटत होता. वारंवार भेटणारा होता असे सांगणारे सुमारे १७ टक्केच निघाले. जवळपास ५६ टक्क्यांना ती माहिती अधूनमधून भेटणाऱ्याकडून, तर सुमारे २८ टक्क्यांना क्वचितच भेटणाऱ्याकडून मिळाली होती. याचे कारण असे की, आपल्या अगदी जवळच्या माणसांना बहुतेक तेच लोक आणि त्याच बातम्या ठाऊक असतात ज्या आपल्यालाही असतात. नवी बातमी दूरच्या ओळखीतून येते. हा अभ्यास नोकरीविषयीचा असला तरी कामे मिळण्याची रीत त्याहून फार वेगळी नाही, आणि म्हणूनच आपल्या मित्रमंडळींचाच गट करण्यापेक्षा वेगवेगळ्या वर्तुळांत वावरणारे व्यावसायिक एकत्र आणणे शहाणपणाचे ठरते.

हे सारे लक्षात घेऊन गटाचा उद्देश चार-पाच वाक्यांत कागदावर मांडा: गट कोणत्या परिसरापुरता आहे, कोणत्या प्रकारच्या व्यावसायिकांसाठी आहे, सभासदाने गटाला काय द्यायचे आहे आणि गटात काय चालणार नाही. हा कागद पुढे प्रत्येक नव्या माणसाच्या हाती द्यायचा आहे, त्यामुळे त्यात भारदस्त शब्दांपेक्षा स्पष्टपणा असावा.

गाभ्यासाठी चार-पाच माणसे शोधा

एकट्याने तीस जणांना निमंत्रण धाडून गट सुरू करू नये. आधी चार किंवा पाच जणांचा गाभा तयार करावा. रोटरीची सुरुवात अशीच झाली. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस हे वकील, गस्टेव्हस लोअर हे खाण अभियंते, सिल्व्हेस्टर शील हे कोळशाचे व्यापारी आणि हायरम शोरी हे शिंपीकाम करणारे व्यावसायिक असे चौघेच लोअर यांच्या कार्यालयात जमले. आज जगभर सेवाकार्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेच्या आरंभीच्या उद्दिष्टांत सभासदांच्या व्यावसायिक हिताला हातभार लावणे हेही होते. चौघांचे व्यवसाय एकमेकांपासून किती वेगळे होते, हे लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे.

गाभ्यातील माणसे निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, त्यांचे काम तुम्ही स्वतः पाहिलेले असावे किंवा ज्याच्या मतावर तुमचा भरवसा आहे अशा कुणी तरी ते पाहिलेले असावे. दुसरी, ती वेळ पाळणारी असावीत. पहिले सहा महिने गटाची शिस्त नियमांपेक्षा या पाच जणांच्या वागण्यातूनच ठरते. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, त्यांना दुसऱ्याचे काम लक्षात ठेवण्याची सवय असावी. बोलताना जो ‘अरे, तुम्हाला अमक्याला भेटायला हवे’ असे सहज म्हणतो, तो माणूस मोठी उलाढाल असलेल्या पण स्वतःविषयीच बोलणाऱ्या माणसापेक्षा गटाला कितीतरी अधिक मोलाचा असतो.

या पाच जणांनी जाहीर बैठक घेण्यापूर्वी निदान दोनदा निवांत भेटावे, उद्देशाचा कागद एकत्र वाचून दुरुस्त करावा आणि कामे वाटून घ्यावीत. एक जण बैठका चालवील, एक नोंदी ठेवील, एक पैशांचा हिशेब पाहील, एक नव्या सभासदांची चौकशी करील. पदांची नावे काहीही असोत, प्रत्येक काम कुणाचे आहे हे सर्वांना ठाऊक असले पाहिजे. ही कामे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने बदलतील, हेही त्याच वेळी ठरवून टाकावे. संस्थापकच कायम अध्यक्ष राहिला तर गट त्याच्या उत्साहावर जगतो आणि त्याच्या थकव्याबरोबर थकतो.

एका व्यवसायाचा एकच सभासद घ्यावा का?

आरंभीच्या रोटरीत प्रत्येक व्यवसायाचा एकच प्रतिनिधी घेण्याची पद्धत होती, आणि आयव्हन मिस्नर यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या बीएनआय या व्यावसायिकांनी एकमेकांना कामे सुचवण्यासाठीच्या संघटनेच्या गटांतही हाच नियम आहे. त्याचा फायदा उघड आहे. गटात दोन छपाईवाले असले की छपाईचे काम कुणाकडे पाठवावे हा पेच पडतो, आणि पेच पडला की माणूस काम कुणाकडेच पाठवत नाही. शिवाय प्रतिस्पर्धी समोर बसलेला असताना आपल्या अडचणी कोणी मोकळेपणाने सांगत नाही.

या नियमाची दुसरी बाजूही आहे. मोठ्या व्यवसायक्षेत्रात एकाच नावाखाली बरीच वेगळी कामे चालतात: लग्नसमारंभाची छायाचित्रे काढणारा आणि उत्पादनांची छायाचित्रे काढणारा यांची गिऱ्हाइके सहसा एक नसतात. त्यामुळे माझी शिफारस अशी आहे की, नियम व्यवसायाच्या नावावर न बेतता प्रत्यक्ष कामावर बेतावा. नवा माणूस येऊ पाहत असेल तेव्हा आधीच्या सभासदाला विचारावे, ‘यांचे कोणते काम तुमच्या कामाशी भिडते?’ दोघांनी समोरासमोर बसून सीमा ठरवावी आणि ती नोंदवहीत लिहून ठेवावी. सीमा ठरत नसेल तर आधीच्या सभासदाचा शब्द मानावा.

सभासद गोळा करताना एकमेकांना पूरक असणाऱ्या व्यवसायांकडे विशेष लक्ष द्यावे. जागांचे व्यवहार करणारा मध्यस्थ, अंतर्गत सजावटकार, सुतार, इलेक्ट्रिशियन, रंगकाम करणारा आणि सामानाची ने-आण करणारा यांना एकाच गिऱ्हाइकाची गरज लागोपाठ पडते. अशा दोन-तीन साखळ्या गटात असल्या की पहिल्याच महिन्यांत कामे हलू लागतात. मात्र सगळा गट एकाच साखळीचा झाला तर त्या क्षेत्रातील मंदीचा फटका सर्वांना एकदम बसतो, हे ध्यानात असू द्यावे.

सभासदत्वासाठी एक छोटा अर्ज ठेवावा आणि अर्जदाराच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांशी प्रत्यक्ष बोलावे. पुष्कळ गट ही पायरी संकोचापोटी गाळतात, पण ती कधीही गाळू नये. गटाचा प्रत्येक सभासद उद्या या माणसासाठी आपली पत पणाला लावणार आहे. त्याच्या कामाची दोन फोनइतकी चौकशी करणे हे त्या सभासदांचे देणे आहे. अर्जदाराला आधी दोन बैठकांना पाहुणा म्हणून बोलवावे, म्हणजे दोन्ही बाजूंना अंदाज येतो.

जागा, वेळ आणि वर्गणी

जागा शांत असावी, पोहोचायला सोपी असावी आणि दर वेळी तीच असावी. कुणाच्या तरी कार्यालयातील बैठकीची खोली सुरुवातीला पुरते; आळीपाळीने प्रत्येकाच्या कामाच्या ठिकाणी भेटणेही चांगले, कारण काम चाललेले डोळ्यांनी पाहिले की शिफारस करताना बोलायला काही हाती असते. दिवस आणि वेळ ठरल्यावर ती बदलू नये. साप्ताहिक बैठकीत ओळख लवकर घट्ट होते, पण स्वतःच सगळे काम करणाऱ्या व्यावसायिकांना ती जड जाते. पंधरा दिवसांतून एकदा भेटणे बहुतेक गटांना झेपते. महिन्यातून एकदाच भेटलात आणि एखादी बैठक चुकली, तर दोन महिने तोंड दिसत नाही, आणि तेवढ्या अवधीत माणूस विसरला जातो.

वर्गणी अवश्य ठेवावी. ती जागेचा आणि किरकोळ खर्च भागवण्याइतकीच असावी, आगाऊ घ्यावी आणि दर तीन महिन्यांनी हिशेब सर्वांसमोर मांडावा. गटाच्या नावाने बँकखाते उघडायचे असेल किंवा मोठी रक्कम जमणार असेल तर आपल्याकडील नियमांनुसार नोंदणी लागते का, हे जाणकाराला विचारून घ्यावे. तोवर अनौपचारिक गट म्हणून काम चालवायला हरकत नसते.

पहिली जाहीर बैठक

पाच जणांनी प्रत्येकी तीन व्यावसायिकांना स्वतः फोन करून बोलवावे. छापील किंवा सर्वांना एकदम पाठवलेल्या निमंत्रणापेक्षा ‘तुमचे काम मला ठाऊक आहे, म्हणून तुम्हाला बोलावतो आहे’ हे वाक्य अधिक काम करते. पंधरा जणांना बोलावल्यावर आठ-दहा आले तरी समाधान मानावे. पहिल्या बैठकीत सभासदत्वाची गळ घालू नये. गटाचा उद्देश वाचून दाखवावा, सर्वांची ओळख करून घ्यावी, आणि त्याच बैठकीत गाभ्यातील सभासदांनी एकमेकांना दिलेल्या दोन-तीन खऱ्या शिफारशी सांगाव्यात. त्यासाठी गाभ्याने आधीच्या आठवड्यांत प्रत्यक्ष काम केलेले असावे लागते, आणि म्हणूनच जाहीर बैठकीची घाई करायची नसते.

नव्वद मिनिटांची बैठक

वीस जणांच्या गटाला दीड तास पुरतो, मात्र तो मिनिटांच्या हिशेबाने वापरावा लागतो. पहिली दहा मिनिटे जमण्याची आणि गप्पांची. त्यानंतर पाच मिनिटांत पाहुण्यांचे स्वागत आणि मागील बैठकीतील नोंदींचे वाचन. पुढची वीस मिनिटे प्रत्येकी एक मिनिट याप्रमाणे सर्वांचा परिचय आणि मागणी. मग एका सभासदाने दहा मिनिटे आपल्या व्यवसायाची सविस्तर माहिती द्यावी आणि पाच मिनिटे प्रश्न घ्यावेत. ही पाळी आधीच वर्षभरासाठी लावून ठेवावी. त्यानंतरची वीस मिनिटे शिफारशी देण्याघेण्याची आणि मिळालेल्या कामांबद्दल सांगण्याची, पाच मिनिटे हिशेब आणि पुढील बैठकीची, आणि उरलेली पंधरा मिनिटे मोकळी. ही शेवटची पंधरा मिनिटे कधीही कापू नयेत. दोघांनी कोपऱ्यात उभे राहून भेटीची वेळ ठरवणे याच वेळात होते.

बैठक ठरलेल्या मिनिटाला सुरू करावी, मग चारच जण आलेले असोत. उशिरा येणाऱ्यासाठी थांबलात तर वेळेवर आलेल्यांना तुम्ही शिक्षा देता, आणि पुढच्या वेळी तेही उशिरा येतात.

मागणी नेमकी हवी

सगळ्या बैठकीचा जीव त्या एका मिनिटात असतो, आणि बहुतेक गटांत नेमके तेच मिनिट वाया जाते. फलक बनवणारा उठून म्हणतो, ‘आम्ही सर्व प्रकारचे फलक वाजवी दरात करून देतो, कुणालाही हवे असेल तर सांगा.’ ऐकणाऱ्यांच्या मनात कुणाचेही चित्र उभे राहत नाही, कारण ‘कुणालाही’ या नावाचा माणूस कुणाच्याच ओळखीचा नसतो. तोच फलक बनवणारा पुढील प्रकारे बोलला तर काय होते ते पाहावे: ‘या महिन्यात मी नव्या जागेत जाणाऱ्या दवाखान्यांची कामे शोधतो आहे. गेल्या महिन्यात एका दंतवैद्यांचे काम केले. रंगकाम संपल्यानंतर त्यांनी मला बोलावले, त्यामुळे वायर नेण्यासाठी रंगवलेली भिंत पुन्हा फोडावी लागली. जागेचे काम चालू असतानाच ज्यांची माझ्याशी गाठ घालून देता येईल असा दवाखाना तुमच्या माहितीत आहे का? तसा नसेल तर दवाखान्यांसाठी फर्निचर करणाऱ्या कुणाशी तरी ओळख करून द्या.’

हे बोलणे चाळीस-पन्नास सेकंदांत होते. त्यात हव्या असलेल्या गिऱ्हाइकाचा प्रकार आहे, ते गिऱ्हाईक कोणत्या टप्प्यावर हवे ते आहे, कामाची समज दाखवणारा एक छोटा प्रसंग आहे, आणि थेट गिऱ्हाईक मिळत नसेल तर कुणाची ओळख चालेल तेही आहे. ऐकता ऐकता अकाउंटंटला आपला एक डॉक्टर अशील आठवतो, ज्याने जागा बदलण्याच्या खर्चाबद्दल गेल्याच आठवड्यात विचारले होते. मागणी जितकी अरुंद, तितकी ऐकणाऱ्याची स्मृती लवकर जागी होते. आपण संकुचित मागणी केली तर इतर कामे हातची जातील, अशी भीती नव्या सभासदांना वाटते. प्रत्यक्षात मागणी दर बैठकीत बदलता येते, आणि वर्षभरात व्यवसायाच्या सगळ्या बाजू गटासमोर येतात.

प्रत्येकाने आपली मागणी घरून लिहून आणावी, असा नियम पहिल्या तीन महिन्यांसाठी करावा.

ठरावीक प्रश्नांचा उपयोग

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७२७ साली फिलाडेल्फियात सुरू केलेले जंटो हे मंडळ दर शुक्रवारी संध्याकाळी भरत असे. ते विचारविनिमयाचे मंडळ होते, पण त्याच्या ठरावीक प्रश्नांच्या यादीत व्यवहाराचे प्रश्नही होते: गावातल्या कुणाचा धंदा अलीकडे बुडाला आणि त्याचे कारण काय, कुणाची भरभराट होत आहे आणि ती कशामुळे, गावात नवा माणूस कोण आला आहे, आणि मंडळाने तुम्हाला कोणत्या बाबतीत मदत करावी. याच मंडळातील ब्रेंटनल यांनी फ्रँकलिन यांच्या नव्या छापखान्याला क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या इतिहासाचे चाळीस ताव छापण्याचे काम मिळवून दिले. नव्या धंद्याला कुणाच्या तरी शब्दावर मिळालेले हे काम आजच्या भाषेत शिफारसच म्हणावे लागेल.

आपल्या गटातही दर बैठकीत फिरवून विचारता येतील असे चार-पाच प्रश्न ठरवून ठेवावेत. परिसरात कोण नवे सुरू होत आहे, कोण जागा बदलत आहे, कोणत्या कामासाठी लोकांना माणूस मिळत नाही, या महिन्यात कोणत्या गिऱ्हाइकाने तुमच्याकडे तुमच्या कामाबाहेरची अडचण सांगितली. शेवटचा प्रश्न मला विशेष मोलाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरातून जवळपास दर वेळी दुसऱ्या कुणासाठी तरी काम निघते. मात्र गिऱ्हाइकाने विश्वासाने सांगितलेली खासगी गोष्ट, विशेषतः वैद्य, वकील आणि हिशेबनीस यांच्याकडची, त्या गिऱ्हाइकाच्या संमतीवाचून बैठकीत येता कामा नये.

माहिती, ओळख आणि शिफारस

गटात या तिन्ही गोष्टी एकाच नावाने चालतात आणि त्यातून निराशा पदरी पडते. ‘अमुक ठिकाणी नवे कार्यालय होते आहे’ ही माहिती झाली. ‘त्यांच्याकडे जा आणि माझे नाव सांगा’ ही ओळख झाली. समोरच्या माणसाशी आधी बोलून, त्याची गरज समजून घेऊन, आपल्या सभासदाच्या कामाबद्दल सांगून आणि फोन येईल हे कळवून जे दिले जाते ती खरी शिफारस. तिन्हींचा उपयोग आहे, पण नोंदवहीत त्यांचे रकाने वेगळे असावेत.

शिफारस कशी असावी याचा एक नमुना देतो. अकाउंटंटने आपल्या डॉक्टर अशिलाला असा निरोप पाठवावा: ‘नमस्कार डॉक्टर. नव्या जागेबद्दल परवा आपण बोललात. आमच्या गटात फलकांचे काम करणारे एक जण आहेत. त्यांची दोन कामे मी स्वतः पाहिली आहेत. सांगितलेल्या तारखेला काम देतात. खूप मोठ्या आकाराची कामे मात्र ते घेत नाहीत. आपली हरकत नसेल तर आपला नंबर त्यांना देऊ का?’ या निरोपात स्वतः पाहिलेल्या गोष्टीच सांगितल्या आहेत, कामाची मर्यादाही सांगितली आहे, आणि नंबर देण्यापूर्वी परवानगी घेतली आहे. मर्यादा सांगितल्याने सभासदाचे नुकसान होत नाही. उलट बाकीचे वर्णन खरे असेल असा विश्वास बसतो. गिऱ्हाइकाचा नंबर न विचारता कुणालाही देऊ नये, हा नियम तर लेखीच असावा.

शिफारस मिळालेल्या सभासदाचीही जबाबदारी तितकीच मोठी आहे. त्याने एका कामकाजाच्या दिवसाच्या आत फोन करावा आणि काम मिळो वा न मिळो, काय घडले ते शिफारस देणाऱ्याला कळवावे. काम बिघडलेच तर ते गिऱ्हाइकाकडून कळण्याआधी त्या सभासदाकडूनच कळले पाहिजे. शिफारस देणारा आपली वर्षांची कमाई असलेला विश्वास उसना देत असतो, आणि उसने घेतलेले वेळेवर परत करावे लागते.

असा विश्वास बैठकीत बसून तयार होत नाही. त्यासाठी सभासदांनी दोघादोघांनी वेगळे भेटावे लागते. बारा जणांच्या गटात अशा ६६ जोड्या होतात, वीस जणांच्या गटात १९०. प्रत्येकाने आठवड्याला एकाला भेटायचे ठरवले तरी वीस जणांच्या गटात सर्वांना भेटून व्हायला १९ आठवडे लागतात. नोंदी ठेवणाऱ्याने या भेटींचे वेळापत्रकच लावून द्यावे. भेटीत तास-सव्वा तास असावा, आणि त्यात एकमेकांना विचारावे की, तुमचे सर्वांत चांगले गिऱ्हाईक कोणते आणि ते तुमच्याकडे कसे आले, कोणते काम तुम्ही नाकारता, आणि तुमच्या कामाबद्दल मी दुसऱ्याला सांगताना कोणते वाक्य वापरावे.

नोंदवही

एक साधी तक्ता-फाइल पुरते. तारीख, शिफारस कुणी दिली, कुणाला दिली, प्रकार कोणता, फोन झाला का, काम मिळाले का, एवढे रकाने असावेत. गिऱ्हाइकाचे नाव त्यात लिहू नये. मिळालेल्या कामाची रक्कम लिहायची की नाही हे गटाने ठरवावे. माझे मत असे की, ती स्वेच्छेवर सोडावी, कारण मोठ्या रकमांच्या व्यवसायाशेजारी लहान कामे करणाऱ्याचे योगदान उगाच फिके दिसते. दर तीन महिन्यांनी नोंदवही सर्वांसमोर उघडावी. कोण देतो आहे आणि घेत नाही, कोण घेतो आहे आणि देत नाही, कुणाला दिलेल्या शिफारशी सतत ‘फोन झाला नाही’ या रकान्यात अडकतात, हे कुणावरही आरोप न करता तिथे दिसते. ज्याला एकही शिफारस मिळाली नाही त्याच्यासाठी एक पूर्ण बैठक राखून ठेवावी. बहुतेक वेळा त्याचे काम गटाला समजलेलेच नसते.

फोनवरचा गट

व्हॉट्सअॅपचा गट कामाच्या निरोपांपुरताच ठेवावा. शुभेच्छा, राजकारण आणि फिरते संदेश पहिल्या दिवसापासून बंद ठेवावेत, कारण महिन्याभराने बंद करायला गेलात तर माणसे दुखावतात. तातडीची मागणी आली आणि कुणी मदत केली की मागणाऱ्यानेच ‘काम झाले’ असे लिहावे, म्हणजे बाकीचे थांबतात.

कमिशन, दर आणि उधारी

शिफारशीवर कमिशन घेऊ नये, असा माझा ठाम आग्रह आहे. कमिशन आले की शिफारस सर्वांत योग्य माणसाकडे न जाता सर्वांत जास्त देणाऱ्याकडे जाऊ लागते, आणि गिऱ्हाइकाला ते कळले की दोघांचीही पत जाते. वकिली, वैद्यक यांसारख्या काही पेशांत शिफारशीसाठी पैसे देणेघेणे अनेक देशांत नियमबाह्यही आहे. तसेच एकाच क्षेत्रात काम करणाऱ्यांनी दर किंवा गिऱ्हाइके आपसांत ठरवून घेणे हे स्पर्धाविषयक कायद्यांत अनेक ठिकाणी गुन्हा किंवा दंडनीय कृत्य ठरते. त्यामुळे सभासदांच्या कामाच्या सीमा ठरवताना बोलणे गटातील शिफारशी कुणाकडे जातील एवढ्यापुरतेच ठेवावे, दरांवर चर्चा नको. सभासदांनी एकमेकांना सवलत द्यावी अशी सक्ती करू नये, आणि गटाने उधार-उसनवारीत पडू नये.

कुरबुरी आणि निरोप

गैरहजेरीचा नियम साधा असावा: सहा महिन्यांत कितीदा चुकले तर चालेल ते आधी ठरवावे, आणि बदली माणूस पाठवण्याची मुभा द्यावी. कामाबद्दल तक्रार आली तर ती बैठकीत न काढता दोन ज्येष्ठ सभासदांनी दोन्ही बाजू ऐकाव्यात. पहिली तक्रार बोलून मिटवावी, दुसऱ्या तक्रारीनंतर त्या सभासदाला शिफारशी देणे काही काळ थांबवावे, आणि तरीही फरक पडत नसेल तर सभासदत्व नूतनीकरणाच्या वेळी थांबवावे. यासाठीच सभासदत्व वर्षभराचे ठेवून दर वर्षी नव्याने द्यावे; एखाद्याला काढण्यापेक्षा नूतनीकरण न करणे दोघांनाही सुसह्य असते. हा निर्णय कळवायला एकाने प्रत्यक्ष जावे आणि कारण स्पष्ट सांगावे. संदेश पाठवून मोकळे होणे हे गटाला शोभत नाही.

गट मोठा झाल्यावर

तीस जण झाले की एका मिनिटाच्या परिचयालाच अर्धा तास लागतो आणि जोड्यांची संख्या ४३५ वर जाते. एवढी माणसे एकमेकांना नीट ओळखूच शकत नाहीत. जंटोत बारा सभासदांची मर्यादा होती, आणि मित्रांना आत घेण्याची मागणी वाढली तेव्हा मर्यादा न वाढवता प्रत्येक सभासदाने आपले स्वतंत्र मंडळ काढावे असे फ्रँकलिन यांनी सुचवले. अशी पाच-सहा मंडळे उभीही राहिली. आपणही पंचविसाच्या आसपास पोहोचताच दुसऱ्या गटाची तयारी करावी. जुन्या गटाचे दोन तुकडे करू नयेत, कारण बसलेल्या जोड्या तुटतात. त्याऐवजी दोन अनुभवी सभासदांनी सहा महिन्यांसाठी नव्या गटाच्या गाभ्यात जावे, प्रतीक्षायादीतील व्यावसायिकांना घेऊन त्याची सुरुवात करावी, आणि दोन्ही गटांनी तीन महिन्यांतून एकदा एकत्र बैठक घ्यावी. एखाद्या कामासाठी आपल्या गटात माणूस नसेल तर दुसऱ्या गटाकडे विचारणा कुणी करायची, तेवढे दोन नोंद ठेवणाऱ्यांनी आपसांत ठरवून घ्यावे.